दिल्लीची मंडी आणि सुलतानाचा जाब्ता

अलाउद्दीन खलजीचे नाव काढले की आजकाल दोनच प्रकारची माणसे बोलायला पुढे येतात. एकाला तो सिनेमातला मांस ओरबाडणारा राक्षस म्हणून माहीत असतो, दुसऱ्याला मोबाइलवर फिरणाऱ्या संदेशातला गरिबांचा कैवारी म्हणून, ज्याच्या राज्यात म्हणे कुणी उपाशी झोपत नसे. इतिहासाचा तास घेताना या दोघांची मुले माझ्यासमोर एकाच बाकावर बसलेली असतात. मला त्या दोघांशीही भांडायचे नाही. मला बोलायचे आहे ते त्याच्या बाजाराबद्दल. सातशे वर्षांपूर्वी एका सरकारने धान्याचा, कापडाचा, घोड्यांचा भाव ठरवला, तो पाळला जावा म्हणून खाते उभे केले, त्यावर हेर बसवले. ते कसे चालले आणि त्याची किंमत कोणी मोजली, हे नीट पाहिले तर तो माणूस राक्षसही राहत नाही आणि कैवारीही.

आधी एक शब्द. या बाजाराची बहुतेक माहिती ज्याच्यामुळे आपल्यापर्यंत आली तो इतिहासकार जियाउद्दीन बरनी सुलतानाच्या नियमांना ‘ज़ाबिता’ म्हणतो, अनेकवचनी ‘ज़वाबित’. हाच शब्द मराठीत ‘जाब्ता’ होऊन पेशवाईच्या दप्तरांत हिंडला. दप्तर, परवाना, दलाल, मुकादम, बाजार, निरख, तराजू हे सगळे शब्दही त्याच वाटेने आलेले. मराठी माणूस बाजारात तोंड उघडतो तेव्हा निम्मी फारसी बोलतो, हे मी उर्दूच्या तासाला सांगतो तेव्हा मुले हसतात आणि मराठीच्या तासाला सांगतो तेव्हा गप्प होतात. असो.

अलाउद्दीनच्या आधीही इस्लामी जगात बाजारावर देखरेख करणारा अधिकारी होता. त्याला मुहतसिब म्हणत आणि त्याच्या कामाला हिस्बा. मूळ कल्पना मदिनेच्या बाजारातली. पैगंबर (स.) एकदा धान्याच्या ढिगाजवळ थांबले, ढिगात हात घातला तर बोटांना ओल लागली. व्यापाऱ्याने पावसाचे कारण सांगितले. तेव्हा भिजलेले धान्य वर ठेवायचे होते, म्हणजे लोकांना दिसले असते, असे त्यांनी त्याला बजावले आणि फसवणारा आपल्यातला नाही हेही सांगितले. बाजार तपासनिसाची पहिली शिकवण हीच: माल उघडा ठेव, दोष झाकू नकोस. हजरत उमर यांनी मदिनेच्या बाजाराचे काही काम शिफा बिन्त अब्दुल्लाह या लिहितावाचता येणाऱ्या बाईंकडे सोपवले होते असे काही रिवायतींत येते. आमच्याकडे बायकांनी बाजारात जावे की नाही यावर अजून चर्चा झडतात, म्हणून मुद्दाम लिहिले.

पुढे या कामाची पुस्तके झाली. अकराव्या शतकात बगदादच्या मावर्दीने राज्यकारभारावरच्या ग्रंथात मुहतसिबाचे अधिकार आखून दिले. साक्षीपुरावे घेऊन निवाडा करणे हे काझीचे काम. मुहतसिबाने जे उघड दिसते त्यावरच बोट ठेवायचे. खोटे माप, भेसळ, रस्त्यावरचे अतिक्रमण यांना तो हात घालू शकतो, पण भिंतीआड डोकावून गुन्हा हुडकणे त्याच्या अधिकारात नाही. बाराव्या शतकात सीरियातल्या शैझरीने तर तपासनिसाच्या हातात ठेवण्याजोगे पुस्तक लिहिले. कोणता धंदेवाला कशी लबाडी करतो याची त्यात धंदेवार यादी आहे: दूधवाला, भटारी, कसाई, अत्तार, अगदी हकीमसुद्धा. पण एकटा मुहतसिब सगळे धंदे कसे ओळखणार? म्हणून प्रत्येक धंद्यातलाच एक जाणता माणूस त्याने ‘अरीफ’ म्हणून नेमावा, कारण चोराच्या वाटा चोरालाच ठाऊक. आणि शिक्षेसाठी चाबकाबरोबर एक उंच टोपीही असे, चिंध्या, घुंगरू आणि कोल्ह्याच्या शेपट्या लावलेली. ती मुहतसिबाच्या चौकीवर सगळ्यांना दिसेल अशी टांगलेली असे. दांडी मारणाऱ्याच्या डोक्यावर ती चढली की धंदा बसलाच. अब्रू हे बाजारातले सगळ्यात महाग भांडवल आहे, हे त्या लोकांना ठाऊक होते.

आता गोम अशी की, माप तपासणे वेगळे आणि भाव ठरवणे वेगळे. मदिनेत एकदा महागाई झाली तेव्हा लोकांनी पैगंबरांना (स.) भाव बांधून द्यायची विनंती केली होती आणि त्यांनी ती मानली नाही. भाव खाली-वर करणारा अल्लाह आहे आणि कुणाच्या मालावर अन्याय केल्याचा दावा माझ्यावर राहू नये, असा त्यांच्या उत्तराचा आशय. बहुतेक फकीहांनी यावरून सरकारी भावबंदीला विरोध केला. पण दमिश्कमध्ये इब्न तैमिया (मृत्यू १३२८) यांनी एक फट दाखवली. टंचाई निसर्गाने आली असेल तर भाव बांधणे जुलूम. पण मूठभर व्यापाऱ्यांनी माल दाबून ती आणली असेल तर भाव बांधणे हाच न्याय. गंमत म्हणजे दमिश्कमध्ये ही चर्चा चालू होती, त्याच काळात दिल्लीत एक सुलतान कुणालाही न विचारता भाव बांधून मोकळा झाला होता.

अलाउद्दीनला फिक्हशी फारसे घेणेदेणे नव्हते. बयानाच्या काझी मुगीसशी त्याचा झालेला संवाद बरनीने नोंदवला आहे. त्याचा सारांश असा की, शरीअतीत काय बसते काय नाही ते मला माहीत नाही, राज्याला जे हिताचे दिसते ते मी फर्मावतो. हे लक्षात ठेवावे. त्याच्या बाजाराला ‘इस्लामी अर्थव्यवस्था’ म्हणून मिरवणारे आणि ‘इस्लामी जुलूम’ म्हणून झोडपणारे दोघेही त्याच्या स्वतःच्या बोलण्याकडे दुर्लक्ष करतात. काझीला मात्र दाद द्यायला हवी. समोर असा सुलतान बसलेला असताना खजिन्यातला त्याचा हक्क किती थोडा आहे हे त्याने तोंडावर सांगितले, आणि जिवंत घरी गेला.

मग हे फर्मान निघाले कशासाठी? १३०३ साली अलाउद्दीन चित्तोडहून परतला आणि पाठोपाठ तर्गी नावाचा मोगल सरदार मोठी फौज घेऊन दिल्लीच्या दारात उतरला. (हे मोगल म्हणजे मंगोल, बाबराचे घराणे नव्हे. परीक्षेत दरवर्षी ही गल्लत होते.) सुमारे दोन महिने वेढा पडला. वाटा अडल्या, धान्याचे तांडे शहरात येईनात. मोगल शेवटी आपणहून निघून गेले, पण सुलतान हादरला. सीरीचा कोट बांधायला घेतला, मोठी कायमची फौज ठेवायचे ठरले. फौजेला पगार रोख द्यायचा. बरनी आकडा देतो तो वर्षाला २३४ टंक्यांचा, दुसरा घोडा ठेवला तर ७८ टंके आणखी. एवढी फौज याच पगारावर टिकवायची तर खजिना काही वर्षांत रिकामा होईल, असा वजिरांचा हिशेब होता. पगार वाढवता येत नाही तर पगारात येणाऱ्या वस्तू स्वस्त करा, हा त्यावरचा तोडगा.

इथे आपला मराठी मुलूख गोष्टीत येतो, आणि तोही आधीच आलेला आहे. अलाउद्दीन कडा-माणिकपूरचा सुभेदार असताना १२९६ मध्ये त्याने रामचंद्रदेव यादवाच्या देवगिरीवर अचानक छापा घातला आणि अमाप सोने नेले. त्याच सोन्यावर त्याने चुलत्याचा खून पचवून दिल्लीचे तख्त मिळवले. दिल्लीला जाताना मुक्कामामुक्कामाला तो मंजनीकमधून लोकांवर सोन्याचे तारे उधळत होता, असे बरनी सांगतो. इतके सोने एका शहरात ओतल्यावर वस्तूंचे भाव चढणारच. दख्खनची लूट आणि दिल्लीची महागाई यांचा संबंध काही अभ्यासक जोडतात, आणि मला तो पटतो.

ठरलेले भाव बरनीने देऊन ठेवले आहेत. मणाला गहू साडेसात जीतल, जव चार, भात पाच, हरभरा पाच, मठ तीन. टंका म्हणजे साधारण ४८ जीतल. मण मात्र आपल्या चाळीस शेरी पक्क्या मणापेक्षा बराच लहान, बारा-पंधरा किलोच्या आसपासचा. हिशेब करायचा तर शिपायाच्या वर्षाच्या पगारात सुमारे दीड हजार मण गहू यायचा. फळ्यावर हे गणित मांडले की मुलांना इतिहासात पहिल्यांदा रस येतो.

भाव जाहीर करणे सोपे असते. दवंडी पिटणाऱ्याला पगार किती लागतो? खरे काम त्यानंतरचे, आणि अलाउद्दीनची अक्कल तिथे दिसते. त्याने केवळ हुकूम सोडला नाही, धान्य शेतातून ताटात येईपर्यंतचा एकेक टप्पा बांधून टाकला.

पहिला टप्पा कोठाराचा. दुआबातल्या सरकारी खालसा गावांचा सारा रोखीत न घेता धान्यात घ्यायचा आणि ते धान्य दिल्लीच्या कोठारांत भरायचे. दुष्काळ पडला की हे धान्य मंडीत येई. दुसरा टप्पा वाहतुकीचा. बैलांच्या पाठीवर धान्य वाहणारे जे तांडेवाले होते, ज्यांना बरनी ‘कारवानी’ म्हणतो आणि ज्यांच्यात अभ्यासक बंजाऱ्यांचे पूर्वज पाहतात, त्यांच्या मुकादमांना मंडीच्या अधिकाऱ्यापुढे साखळदंडात उभे करण्यात आले. सगळ्यांनी एकमेकांना जामीन राहायचे, बायकामुले आणि गुरेढोरे घेऊन यमुनाकाठच्या गावांत वस्ती करायची, तेव्हाच साखळ्या सुटतील. म्हणजे कुटुंबे ओलीस. शेख नसीरुद्दीन चिराग देहलवी यांच्या बैठकींतल्या बोलण्याचे संकलन ‘खैरुल मजालिस’ या नावाने उपलब्ध आहे. त्यात या तांडेवाल्यांना ‘नायक’ म्हटले आहे, कुणाचे दहा हजार बैल तर कुणाचे वीस हजार. आपल्याकडे लमाण तांड्याच्या प्रमुखाला आजही नाईक म्हणतात.

तिसरा टप्पा शेताचा, आणि माझे मन इथे अडते. दुआबातल्या अंमलदारांकडून लेखी हमी घेतली गेली की सारा इतक्या कडकपणे वसूल करायचा की कुणब्याला धान्य घरी न्यायची सवडच मिळू नये; शेतातच ते ठरल्या भावाने तांडेवाल्याच्या पदरात पडावे. साठेबाजीला बंदी होती. धान्य दाबून ठेवलेले सापडले की जप्त आणि मालकाला शिक्षा. सारा होता उत्पन्नाचा निम्मा हिस्सा. वर घरपट्टी आणि चराई. म्हणजे कुणब्याचे अर्धे पीक सरकारने घेतले आणि उरलेल्यातले खाण्यापुरते सोडून बाकीचे विकायचे ते सरकारच्या भावाने. दिल्लीचा गहू साडेसात जीतलांवर स्थिर राहिला तो कुणाच्या जिवावर, ते यात आले.

शहरात मंडीवर ‘शहना-ए-मंडी’ नावाचा अधिकारी बसवला, मलिक कबूल. त्याच्या हाताखाली घोडेस्वार आणि प्यादे. पण सुलतानाचा एका अधिकाऱ्यावर विश्वास बसेल तर तो अलाउद्दीन कसला! मंडीची बातमी त्याला रोज तीन वेगळ्या वाटांनी येई: एक शहनाकडून, दुसरी बरीदाकडून म्हणजे अधिकृत बातमीदाराकडून, तिसरी ‘मुन्ही’ म्हणजे गुप्त हेरांकडून. तिघांच्या बातमीत फरक पडला की शहनाची खैर नसे. एकदा पाऊस ओढ दिला तेव्हा मलिक कबूलने भाव अर्ध्या जीतलाने वाढवावा अशी सूचना केली. त्याला वीस फटके बसले. खुद्द नियामकाला! आपल्याकडे अधिकारी फार तर बदलून जातो.

दुष्काळात मात्र नुसते फटके चालत नाहीत, माल लागतो. तेव्हा सरकारी कोठारे उघडली जात. मोहल्ल्यातल्या दुकानदारांना तिथल्या वस्तीच्या मानाने रोजचे धान्य मिळे, साध्या गिऱ्हाइकाला एका वेळी अर्ध्या मणापर्यंत. आणि बरनी एक बारीक गोष्ट नोंदवतो ती मला फार महत्त्वाची वाटते: मंडीतल्या गर्दीत एखादा दुबळा माणूस चेंगरला तर त्याची बातमी सुलतानापर्यंत जाई आणि त्यासाठी शहनाला शिक्षा होई. रेशनच्या रांगेत उभ्या राहिलेल्या पिढीला या ओळीचे मोल वेगळे सांगायला नको.

कापडाचा बाजार निराळा, त्याचे नाव ‘सराय-ए-अद्ल’, बदायूँ दरवाजाच्या आत. कापड, साखर, मेवा, तूप, दिव्याचे तेल यांचा व्यवहार फक्त तिथे. सकाळपासून शेवटच्या नमाजपर्यंत दुकाने उघडी. माल दुसरीकडे विकलेला आढळला तर जप्त. सगळ्या व्यापाऱ्यांची नावे सरकारी दप्तरात. पण लांबून येणारे उंची कापड दिल्लीच्या बांधलेल्या भावात विकायला कोणता व्यापारी येणार? तेव्हा सुलतानाने मुलतानी व्यापाऱ्यांना खजिन्यातून वीस लाख टंके उचल दिले. माल आणा, ठरल्या भावाने विका. इथे चाबूक चालत नाही हे त्याला कळले होते, म्हणून इथे पैसा चालवला. त्यातूनच पुढची भानगड उभी राहिली. दिल्लीत स्वस्त मिळणारे भारी कापड उचलून बाहेरगावी चौपट भावाने विकणारे निघाले. मग उंची कापडावर परवाना आला: अमीर-उमरावाने आपल्या ऐपतीप्रमाणे मागावे, अधिकाऱ्याने चिठ्ठी द्यावी, तेव्हा कापड मिळेल. परवाना लागणाऱ्या कापडांच्या यादीत बरनीने एक नाव घेतले आहे ‘देवगिरी’. आमच्या दौलताबादेकडचे कापड दिल्लीत चिठ्ठीशिवाय मिळत नव्हते! ते विणणाऱ्या साळ्या-कोष्ट्यांच्या हातात त्यातले काय पडले, ते लिहून ठेवायला तिथे कोणी बरनी नव्हता.

घोड्यांच्या बाजारात तंट्याचे मूळ दलाल होते. दोन्हीकडून दलाली खायची आणि भाव चढवायचा हा त्यांचा धंदा. त्यांच्या म्होरक्यांना पकडून दूरच्या किल्ल्यांवर रवाना केले आणि घोड्यांच्या प्रती ठरवून भाव लावले: पहिली प्रत शंभर ते एकशेवीस टंके, दुसरी ऐंशी-नव्वद, तिसरी पासष्ट-सत्तर, तट्टू दहा-पंचवीस. याच जाब्त्यांत गुलामांचेही भाव आहेत. दासीचा भाव, कामकरी पोराचा भाव, घोड्यागुरांच्या शेजारी. या पानावरून डोळे मिटून पुढे जाणारे लेख मी वाचले आहेत. स्वस्ताईचे गुणगान करताना त्या स्वस्ताईत माणूसही स्वस्त होता हे सांगायला हवे.

उरला किरकोळ बाजार: रोटी, कबाब, हलवा, काकडी, टोप्या, जोडे, फण्या. त्यावर नेमला याकूब नाझिर. बरनीच्या शब्दांत तो प्रामाणिक आणि तितकाच कठोर. सुलतान आपल्या कबुतरखान्यातल्या लहान पोरांना थोडी नाणी देऊन बाजारात पाठवी. कुणी रोटी आणी, कुणी हलवा, कुणी काकडी. आणलेली वस्तू सुलतानासमोर याकूब तोली. वजन कमी भरले तर दुकानदाराकडे जाऊन जितके कमी तितके मांस त्याच्या अंगातून काढले जाई, असे बरनी लिहितो. हे शब्दशः किती खरे यावर मतभेद होऊ शकतात, पण दुकानदारांच्या मनातली भीती खरी असणार. पोर दुकानात शिरले की तागडी आपोआप झुकत असेल. अमीर खुसरोच्या ‘खजाइनुल फुतूह’मध्येही शिक्का मारलेल्या लोखंडी वजनांचा उल्लेख येतो, आणि दांडी मारणाऱ्याच्या गळ्यात तेच लोखंड पडले असे तो त्याच्या अलंकारिक पद्धतीने सांगतो. खुसरो दरबारी स्तुती लिहीत होता हे खरे, पण बरनीच्या कितीतरी आधी, सुलतानाच्या हयातीत लिहीत होता. म्हणून ही सगळी बरनीची कल्पना म्हणता येत नाही. बरनीच्या आकड्यांवर काही अभ्यासकांनी शंका घेतली, तेव्हा १९८४ मध्ये इरफान हबीब यांनी त्याच्या बचावासाठी सविस्तर लेख लिहिला. हे भाव दिल्लीपुरतेच होते की इतर शहरांतही, हा वाद मात्र चालूच आहे. सरकारची माणसे, हेर आणि कोठारे जिथे होती तिथे ते चालले असणार, असे मला वाटते.

शिक्का मारलेले वजन ही गोष्ट आपल्या ओळखीची आहे. वैधमापन खात्याचा निरीक्षक येतो, वजने तपासतो, शिसे भरलेल्या खाचेत ठसा मारतो आणि पावती दुकानात लावायला सांगतो. आठवडी बाजारात भुसाराचे दुकान लावणारे माझे एक नातेवाईक त्या दिवसाची धास्ती घेऊन असत, काटा चोख असूनही. नियामक सरळ असला तरी त्याची भीती वाटावी, हा जाब्त्याचाच एक भाग असावा.

बरनीविषयी थोडे बोलले पाहिजे, कारण त्याला बाजूला ठेवून ही गोष्ट सांगता येत नाही. त्याने ‘तारीख-ए-फिरोजशाही’ १३५७ साली पुरी केली, म्हणजे अलाउद्दीनच्या मृत्यूला चाळीस वर्षे झाल्यावर, स्वतः दरबारातून बाजूला पडून हलाखीत दिवस काढताना. दृष्टी तीक्ष्ण, स्मरण पक्के, पण मन खानदानाच्या अभिमानाने गच्च भरलेले. हिंदू खोत-मुकादमांची घोड्यावर बसायची ऐपत राहिली नाही हे तो चवीने सांगतो. बाजारातले लोक त्याच्या लेखी निर्लज्ज आणि लबाड. आणि हा तिटकारा फक्त हिंदू वाण्यांपुरता नव्हता. ‘फतावा-ए-जहांदारी’त तो हलक्या कुळातल्या मुसलमानांना शिकवू नये असे बजावतो. हा लेख वाचणाऱ्यांत कुणी बागवान असेल, कुणी तांबोळी, अत्तार, मणियार, पिंजारी, कुरेशी. आपल्यातल्या कित्येकांची आडनावेच बाजारातून आलेली आहेत. बरनीने आपल्याला दारात उभे केले नसते. तेव्हा त्याला ‘आपला’ इतिहासकार म्हणून छातीशी धरताना जरा थांबावे. आणि तरीही, बाजारातल्या भावांचे इतके बारीक तपशील लिहून ठेवणारा दुसरा कोणी त्या काळात सापडत नाही. ज्यांचा तिटकारा केला त्यांचेच जग त्याने टिकवले.

अलाउद्दीनने हे फौजेसाठी केले असे बरनी म्हणतो. ‘खैरुल मजालिस’मध्ये वेगळे कारण येते. सुलतान विचारात बुडालेला पाहून दरबारातल्या एकाने कारण विचारले. अल्लाहने इतक्या लोकांवर मला नेमले, तर सगळ्यांना पोचेल असे काय करावे? खजिना वाटला तरी सगळ्यांना पुरणार नाही. धान्य स्वस्त केले तर मात्र प्रत्येकाच्या घरात पोचेल, अशा अर्थाचे बोलणे त्याच्या तोंडी दिले आहे. १३३४ मध्ये दिल्लीत आलेला इब्न बतूता तिसरीच कहाणी ऐकतो: मांस महाग का, म्हणून सुलतानाने चौकशी केली, गुरांवरचा कर हे कारण कळले तेव्हा तो कर काढला आणि व्यापाऱ्यांना भांडवल दिले, धान्याचा भाव चढला तेव्हा सरकारी कोठार उघडून विकत राहिला, भाव उतरेपर्यंत. या कहाणीत चाबूक नाही, फक्त कोठार आहे. शिपायाचा हिशेब मांडणारा बरनी, पीरांच्या मजलिशीत बसलेला दिल्लीचा गरीब आणि परदेशी प्रवासी, तिघांना तीन अलाउद्दीन आठवतात. मला यात विसंगती वाटत नाही. फौजेसाठी केलेल्या स्वस्ताईचे गहू शिपायाच्या शेजारच्या विधवेनेही दळले असतीलच.

दुआबातल्या कुणब्याची आठवण मात्र कुठेच नोंदलेली नाही. हे लिहिताना मला लासलगाव आठवते. डिसेंबर २०२३ मध्ये केंद्र सरकारने कांद्याची निर्यात बंद केली, ती मे २०२४ मध्ये उठली. शहरात कांदा आटोक्यात राहावा हा हेतू होता, आणि तो वाईट म्हणता येणार नाही. मीही पिशवी घेऊन बाजारात जाणारा पगारदार माणूस आहे. जीवनावश्यक वस्तूंचा कायदा १९५५ चा, त्यात साठ्याची मर्यादा आहे, जप्ती आहे. बफर साठा आहे, म्हणजे कोठारच. खलजीच्या जाब्त्यांत आणि यात मोठा फरक आहे: आता राजपत्र निघते, कोर्टात जाता येते, निवडणुकीत राग काढता येतो, अंगातून मांस कोणी काढत नाही. पण बाजार समितीच्या आवारात ट्रॅक्टरची रांग लावून बसलेल्या शेतकऱ्याला लिलाव घसरताना पाहिले की वाटते, शहराच्या स्वस्ताईचे बिल अजूनही त्याच पत्त्यावर जाते.

हे सगळे तेरा-चौदा वर्षेही टिकले नाही. बरनीला स्वतःलाच याचे आश्चर्य वाटते की दुष्काळ असो वा सुकाळ, अलाउद्दीन होता तोवर मंडीचा भाव हलला नाही. जानेवारी १३१६ मध्ये तो वारला. त्याचा मुलगा कुतुबुद्दीन मुबारकशाह गादीवर आला, त्याने तुरुंग मोकळे केले, जड कर सोडले आणि बापाचे जाब्ते कुणी पाळीनासे झाले. ते सगळे एका माणसाच्या रोजच्या चौकशीवर उभे होते. तीन वाटांनी येणाऱ्या बातम्या वाचणारा कोणी राहिला नाही तेव्हा त्या यायच्याच थांबल्या. मुलतानी व्यापारी खूश झाले, कारवानी घराकडे वळले असतील, धान्य चढले, मजुरी चढली.

अलाउद्दीनची कबर मेहरौलीत कुतुबमिनाराच्या शेजारी, त्याच्याच नावाच्या मदरशाला लागून आहे. आज तिथे पर्यटक मिनाराचा फोटो काढतात आणि या पडक्या खोलीकडे न पाहता पुढे जातात. ‘खैरुल मजालिस’च्या काळात, म्हणजे तो जाऊन तीसचाळीस वर्षे झाल्यावर, महागाईने गांजलेले दिल्लीचे लोक त्या कबरीवर जात, नवस बोलत आणि दोरे बांधत.